आक्का, तुझा टाक कुठं ठेवू?

आक्का, आज सोनार येऊन गेला. चांदीच्या पत्र्यावर तुझा टाक केवढा करायचा, डोक्यावर पदर दाखवायचा ना, एवढंच त्यानं विचारलं आणि चहा पिऊन गेला. खरा घोळ तो गेल्यावर सुरू झाला. आपल्या देव्हाऱ्यात पुढच्या ओळीत देवांचे टाक आहेत आणि मागच्या ओळीत घरातल्या गेलेल्या माणसांचे. तू कुठं बसायचंस? गावातल्या बायका म्हणतात, पुढं, खंडोबाच्या शेजारी. दाजी म्हणतात, पुढंही नको आणि मागंही नको, भिंतीला तिचा फोटो लावा आणि मला जरा गप्प बसू द्या. आणि आत्या म्हणते, इंदू सांगेल. "तू तिच्यासंगं दवाखान्यात व्हतीस. तिच्या मनात काय व्हतं ते तुलाच ठाव."

मला ठाऊक नाही, आक्का. तुझा दहावा झाला तरी माझं डोकं ठिकाणावर आलेलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू एक वाक्य बोलली होतीस, तेवढंच माझ्यापाशी आहे. ते आत्याला सांगितलं तर म्हातारी खचेल. नाही सांगितलं तर तुला नको तिथं बसवल्यासारखं होईल. सकाळपासून मी तुझ्या बाजूनं बोलते, मग आत्याच्या बाजूनं बोलते, आणि दोन्हीकडून मलाच पटतं. शाळेत पोरांना मी सांगते, एका प्रश्नाला एकच उत्तर लिहा. आता माझीच वही कोरी आहे.

आपण सख्ख्या बहिणी, आणि आत्याच्या दोन मुलांना दिल्यामुळं सख्ख्या जावा. चार माणसांत मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि मेंढरांकडं गेलं की 'तू'. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी ओट्यावर बसून तुला 'अहो जाऊबाई' म्हणाले, तेव्हा तू हसून हसून भाकरी करपवलीस. आत्या आतून ओरडली की माझ्या घरात नाटकं नकोत, दोघींचा शेंबूड मीच पुसलाय. पण पाहुणे आले की तीच मला डोळे वटारायची. मला त्या घरात रुळायला तुझाच आधार होता. हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस, बरं, मग जा आणि लेंड्या भर.

ते पिवळं कधी सुरू झालं, ते दवाखान्यात मला दहादा विचारलं. मला सांगता यायचं नाही. आपल्याला ते दिसलं चंपाषष्ठीनंतर. आपण सगळ्या शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला गेलो होतो. उधळलेल्या भंडाऱ्यानं सगळेच माखले होते, केस, कान, पोलक्याच्या शिवणी. घरी आल्यावर सगळ्यांनी तोंडं धुतली. सगळ्यांचं निघालं, तुझ्या पापण्यांवरचं निघालं नाही. आत्यानं तेल लावलं, डाळीचं पीठ लावलं, चोळून चोळून तुझे डोळे लाल केले. खाली पिवळं ते पिवळंच. हाताला जरा टणक लागायचं, चामडं वाळल्यासारखं. तेव्हा शेजारची कौसाबाई हात जोडून म्हणाली की माणसानं लावलेला भंडारा निघतो, देवानं लावलेला निघत नसतो.

झालं. पुढच्या रविवारी चार बायका नारळ घेऊन आल्या आणि त्याच्या पुढच्या रविवारी अंगण भरलं. आत्यानं तुला घोंगडीवर बसवलं आणि हातात भंडाऱ्याची वाटी दिली. तुझा चेहरा मला आठवतो. मेंढरं बें बें करतायत आणि मी इथं काय करतेय, असा चेहरा. पण उठली नाहीस. का उठली नाहीस, आक्का? तुझ्याइतकी फटकळ बाई पंचक्रोशीत नव्हती. सासऱ्यांना तोंडावर सुनावणारी तू, आणि कौसाबाईनं पायावर डोकं ठेवलं तर पाय मागं घेतले नाहीस.

तुझा स्वभाव मात्र देवालाही बदलता आला नाही. एक बाई नवऱ्याची दारू सुटावी म्हणून भंडारा मागायला आली. तू म्हणालीस, त्याला दारू सुटत नसंल तर तू त्याला सोड. बाई घाबरली, घरी गेली आणि खरंच माहेरी निघून गेली. महिन्याभरात नवरा शुद्धीवर येऊन तिला न्यायला गेला. त्यानंतर तुझ्या प्रत्येक शिवीला लोक कौल समजायला लागले. पाटलीणबाईसुद्धा आली. जिच्या ओट्यावर आपण आजवर पाय ठेवला नव्हता, ती आपल्या अंगणात लेंड्या बाजूला सारून खाली बसली. ती गेल्यावर तू मला म्हणालीस की तिला मातीत बसलेलं बघून लई बरं वाटलं. तेव्हा मी हसले. आता वाटतं, तू एवढ्यासाठीच बसत होतीस का?

त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून आपलं दुसरं भांडण चालू होतं. मी बाहेरून बी.ए. करत होते आणि विद्यापीठाच्या नावावरून शहर पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. कधी परीक्षा पुढं ढकलायचे, कधी पैठण रोडवर गाड्या बंद. मी म्हणायची, नाव दिलंच पाहिजे. गावात हे मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी तुझ्यापाशी म्हणायची आणि तू मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता मला आडवं लावायचीस. नावानं काय व्हतं, दूध वाढतं का, असलं काहीतरी. मी चिडून सांगितलं की नावासाठी माणसांची घरं जळाली आहेत, आणि नावाला किंमत नसती तर नाव देऊ नका म्हणणाऱ्यांनी घरं कशाला जाळली असती? तू काटा उपसून फेकलास. मग म्हणालीस, "लग्नात माझ्या बापाचं नाव निघालं आन तुझ्या दाजीचं लागलं. एका दिसात. कुणी मोर्चा काढला का?"

तू माझ्या बाजूनं बोललीस की विरुद्ध, हेच मला तेव्हा कळलं नव्हतं. मी रागानं दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि तू मजेत होतीस.

मग ते पिवळं पसरलं. गालावर, मानेवर, दंडावर. मधून लाल झालं आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फुटलं. आत्या रोज सकाळी लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुवायची, वर भंडारा दाबायची आणि बायका आल्या की तुला उजेडाकडं पाठ करून बसवायची. दाजींनी शहरातून काळा चष्मा आणला. चितेगावच्या कंपनीत वेल्डिंगची कामं बघितलेला माणूस, डोळा जपला पाहिजे एवढंच त्यांना कळत होतं. काळा चष्मा घालून घोंगडीवर बसलेली तू! मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले आणि मग तिथंच रडले. बायकांनी मात्र चष्म्यालाही नमस्कार केला.

एक दिवस तूच म्हणालीस की तुझी परीक्षा आहे असं सांग आणि मला सोबत म्हणून ने. परीक्षा नव्हती. आत्यानं काही विचारलं नाही. भाकरी बांधून दिल्या, तुझा पदर डोळ्यांवर ओढला आणि दारात उभी राहिली. वडापच्या जीपमध्ये लोक तुझ्याकडं बघून आधी सरकले, मग कपाळावरचा भंडारा बघून एकानं तुला खिडकीची जागा दिली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चष्मा काढायला लावला, बोटानं दाबून पाहिलं आणि पहिल्यांदा कानाच्या पाळीतून पाणी घेतलं. कशाची तपासणी ते त्यांनी सांगितलं नाही, पण तुला कळलं. महारोग म्हणत असतील तर मी घरी जाणार नाही, इथूनच कुठंतरी जाईन, असं तू मला अगदी शांतपणे सांगितलंस. तो महारोग निघाला नाही. मी देवाचे आभार मानले. मग त्यांनी तुला दाखल करून घेतलं, घरी निरोप गेला; डोळ्याजवळचा कातडीचा तुकडा काढला, त्याच्या काचपट्ट्या तपासायला मुंबईला पाठवल्या, रक्त घेतलं, कमरेच्या हाडातून मज्जा काढली. तू ओरडली नाहीस. फक्त माझा हात असा दाबलास की बांगडी पिचली.

तुझा आजार त्यांनी पुस्तकात वाचला होता, पाहिला कधी नव्हता. मग रोज शिकाऊ डॉक्टरांचा घोळका तुझ्या खाटेभोवती. कुणी वाकून बघतोय, कुणी लिहून घेतोय. तू म्हणालीस, इथं बी दर्शनाला आले, नारळ तेवढे आणले नाहीत.

त्याच दिवशी व्हरांड्यात आपण भाकरी खात होतो. मी धीर करून विचारलं की आक्का, खरं सांग, तुला काय वाटतं, हे काय आहे? तू भाकरीचा घास तसाच हातात धरलास. "रोग हाय गं. मला काय कळत नाय व्हय? आत्यासाठी बसते मी. म्हातारीचा देव तिच्यापाशी ऱ्हाऊ दे."

हेच ते वाक्य. माझ्यापाशी आहे ते एवढंच.

निदान पक्कं झालं ते संक्रांतीच्या सुमाराला. शहरात जिकडं तिकडं पोलीस होते. विद्यापीठाचं नाव अखेर बदललं होतं, आणि नवं नाव देताना जुनंही ठेवलं होतं. इतकी वर्षं चाललेलं भांडण असं मिटवलं होतं. वॉर्डातल्या काही बायकांना त्यांच्या घरच्यांनी पेढे आणले, काहींच्या घरच्यांनी तोंडं पाडली, आणि नर्सबाईंनी सगळ्यांना सारखाच तिळगूळ दिला. डॉक्टरीणबाई आल्या आणि इंग्रजीतलं एक लांबलचक नाव बोलल्या. मी पुन्हा विचारलं, त्या पुन्हा बोलल्या. इतकं शिकलेल्या मला ते म्हणता येईना. मग त्यांनी मराठीत सांगितलं की कातडीवर दिसतंय ते वरचं, मूळ बिघाड रक्तात आहे, हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर आहे, आणि हा कातडीचा आजार फार क्वचित, अशाच लोकांना होतो. गोळ्या देऊ, डाग उतरतील कदाचित, पुढचं सांगता येत नाही.

तू विचारलंस, केवढं नाव म्हणाल्या? मी म्हणाले, लई मोठं आहे. तू म्हणालीस, "मंग विद्यापीठावानी करू. दोन्ही नावं ठिवू. दवाखान्यात त्यांचं, घरी आपलं."

बाजूच्या खाटेवरची बाई हसली. तूही हसलीस. मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं नावानं काय होतं म्हणणारी तू, आणि स्वतःच्या मरणाचं नाव कळलं तेव्हा त्याला दुसरं नाव शोधलंस. तो विनोद होता का, आक्का? की तू मला माझं भांडण जिंकू दिलंस? तुला बरं वाटल्यावर विचारीन असं मी ठरवलं होतं.

घरी आल्यावर तू गोळ्याही घेतल्यास आणि घोंगडीवरही बसलीस. उन्हाळ्यात डाग खरंच फिकट झाले, डोळ्याजवळची जखम सुकली. बायका म्हणाल्या, देव शांत झाला. दाजी म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. मग पाठ धरली. खोकताना बरगडी मोडली. रविवारी अंगणात आलेल्या बायकांना दाजींनी एकदा हाकललं, नारळ उचलून रस्त्यावर फेकले. "देव नाय ती, माझी बायकू हाय," असं ते ओरडले आणि मग गोठ्याच्या भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. तुला आत ऐकू गेलं. तू डोळे मिटून पडली होतीस आणि तुझ्या तोंडावर मला समाधान दिसलं. बायको म्हटल्याचं होतं ते, की बायका गेल्याचं, की दुखणं जरा थांबल्याचं? मला तुझा चेहरा वाचता येतो असा माझा फार गर्व होता. तो शेवटच्या दिवसांत उतरला.

तुझे आभार मानायचे राहिले. बी.ए.च्या फॉर्मवर सही करायला माझा नवरा तयार नव्हता तेव्हा तू त्याला जेवायला वाढलं नाहीस, म्हणून मी शिकले. माझ्या पहिल्या पगाराच्या साडीला तू नावं ठेवलीस आणि फाटेपर्यंत तीच नेसलीस. हे सगळं मी तुला सांगणार होते आणि तू मला गप्प बसवणार होतीस. आता गप्प बसवायला कुणी नाही, तर शब्दच अडकतात.

इथवर मी तुझ्याशी दुपारी बोलले, आता संध्याकाळचं सांगते. दिवेलागणीला आत्यानं मला देव्हाऱ्यासमोर बसवलं. टाक पुसत होती. दाजी बाहेर होते. तिनं सरळ विचारलं, सारजाला देव पावला व्हता का रोग झाला व्हता, ती काय म्हणायची ते सांग. मी इकडचं तिकडचं बोलले. तिनं पुसणं थांबवलं. तेव्हा मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. रोग आहे हे तिला माहीत होतं. तुमच्यासाठी बसत होती.

मला वाटलं, आत्या कोसळेल. तिनं हातातला टाक मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "माझ्यासाठी?" आणि पुन्हा म्हणाली, "माझ्यासाठी व्हय?"

मग जे सांगितलं ते असं. रोज सकाळी ती जखम धुवत होती. भंडाऱ्याला पू होत नाही आणि वास मारत नाही, हे कळायला तिला डॉक्टर नको होता. पण कुणीतरी महारोग म्हणालं असतं आणि तुझा तांब्या, ताट, अंथरूण सगळं वेगळं झालं असतं. तिच्या लहानपणी तिच्या चुलतीला तसं शिवाराबाहेर खोपीत ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. देव म्हटलं की लोक पायाला हात लावतात, लांब पळत नाहीत. म्हणून ती देव म्हणाली. आणि मग तिला वाटलं की तू ते खरं मानतेस. "तिला तेवढाच इसावा व्हता. मी कशाला मोडू?"

म्हणजे तू आत्यासाठी बसलीस आणि आत्यानं तुला तुझ्यासाठी बसवलं. दीड वर्ष एका घरात, एका चुलीवर, एकमेकींना सांभाळत दोघी खोटं बोललात. मी मध्येच बसले होते आणि मला काही कळलं नाही.

आत्यानं डोळे पुसले आणि टाक पुन्हा मांडायला घेतले. हलकी झाल्यासारखी दिसली. म्हणाली, मग झालं, मागं ठेवू, आपल्या माणसांत बसेल. देवांत नाही म्हटल्यावर दाजींनाही ते चालेल असं वाटलं. मलाही चालायला हवं होतं. तुझं वाक्य सांगून झालं होतं, गुंता सुटला होता.

आणि मी म्हणाले, "नाही आत्या. पुढं ठेवा."

आक्का, हे माझ्या तोंडून निघालं. तुला दवाखान्यात नेणाऱ्या, काचपट्ट्यांची वाट बघणाऱ्या, आजाराचं नाव पाठ करायचा प्रयत्न करणाऱ्या बाईच्या तोंडून. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझी जखम सुकली त्या आठवड्यात मी शाळेतून परस्पर साताऱ्याला गेले होते. गोळ्यांमुळं सुकली हे मला माहीत होतं, तरी गेले होते आणि देवाला म्हणाले होते, तुझाच भंडारा आहे, तूच सांभाळ. व्हरांड्यात तू रोग आहे म्हणालीस तेव्हाही मी मनात म्हणाले होते, देव ज्याच्या अंगावर येतो त्याला कुठं कळतं.

आत्या माझ्याकडं वळली. "तुला खरं वाटत व्हतं व्हय गं?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. खंडोबाचा टाक तिनं बोटभर सरकवला आणि शेजारी जागा केली.

दोन दिवसांत टाक तयार होईल. मी माझ्या हातानं तुला तिथं बसवणार आहे. तुला पटणार नाही, मला माहीत आहे. पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.